टॅरो : दुसऱ्यांसाठी रीडिंग करायला शिकताना

मुठाकाठ :

टॅरोच्या, म्हणजे चित्रांच्या कार्डांवरून माणसाचा प्रश्न वाचण्याच्या, वर्गात ७८ कार्डांचे अर्थ शिकवतात, प्रमाणपत्रही मिळतं, आणि मग पहिला अनोळखी माणूस समोर बसला की गाडी अडते. अर्थ पाठ असतात. पण तीन कार्डं उलगडली की तीन सुटे परिच्छेद तोंडातून बाहेर पडतात आणि माणसाचा प्रश्न बाजूलाच राहतो. या धाग्यात फक्त दुसऱ्यांसाठी रीडिंग करण्याच्या कामाबद्दल बोलू. माझं मत आधीच सांगते: कार्डांचे अर्थ हा या कामातला सगळ्यात लहान भाग आहे. प्रश्न नीट करून घेणं आणि चित्रात दिसतं तेवढंच बोलणं, यावर सगळं उभं आहे.

डेक, म्हणजे कार्डांचा संच. शिकायला रायडर-वेट-स्मिथच घ्यावा. १९०९ साली लंडनला छापला गेला, कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. मायनर अर्कानाच्या, म्हणजे वाँड्स (काठ्या), कप्स, स्वोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चार गटांच्या, सगळ्या ५६ कार्डांवर प्रसंग काढलेले आहेत, हा त्याचा मोठा फायदा. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये 'पाच कप' म्हणजे खरोखर पाच कपच असतात, तिथे आकडा आणि चिन्ह यांवरून वाचावं लागतं. आणखी एक फरक लक्षात ठेवा: रायडर-वेटमध्ये स्ट्रेंग्थ या कार्डाचा क्रमांक ८ आणि जस्टिसचा ११, मार्सेयमध्ये नेमकं उलट. एका डेकची वही दुसऱ्या डेकला लावली की इथे गोंधळ होतो.

आकार साधारण १२ बाय ७ सेंटिमीटरचा असावा. खिशातला छोटा डेक हाताळायला बरा, पण समोरच्याला चित्र दिसत नाही, आणि त्याला चित्र दिसणं गरजेचं आहे. स्वस्त नकला घेताना दोन गोष्टी तपासा. एक, कार्डं मोजा, ७८ भरली पाहिजेत. दोन, पाठीमागची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी हवी. ती एकतर्फी असेल तर कार्ड उलटं (चित्राचं डोकं खाली) आहे हे उलगडण्याआधीच दिसतं आणि निवडीवर परिणाम होतो.

बैठक अर्ध्या तासाची धरली तर पहिली पाच-सात मिनिटं प्रश्नावर घालवावीत. नवशिके इथेच घाई करतात. "करिअरबद्दल सांगा" हा प्रश्न नाही, तो विषय झाला. "हिंजवडीतली नोकरी सोडून बंगळुरूची ऑफर घ्यावी का, हे ठरवताना मी काय विचारात घेत नाहीये?" हा प्रश्न. चांगल्या प्रश्नात तीन गोष्टी असतात: विचारणाऱ्याच्या हातात असलेलं काहीतरी, एक मुदत, आणि एकच बाब. प्रश्न कागदावर लिहून समोरच्याला वाचून दाखवा. "हो, हेच" असं ऐकू येईपर्यंत डेकला हात लावू नका.

मग जागा ठरवा. पहिलं कार्ड कशाचं, दुसरं कशाचं, तिसरं कशाचं, हे उलगडण्याआधी त्याच कागदावर लिहायचं. कार्ड पाहून मग "हे भूतकाळाचं असावं" म्हणणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे. त्यानंतर त्या मांडणीला काही अर्थच उरत नाही.


सायली_डी :

खूप उपयोगी. दोन शंका आहेत. पिसायचं किती आणि कसं? आणि समोरच्याने पिसावं की आपण? प्रत्येक जण वेगळं सांगतो.


गणिती :

पिसण्याबद्दल मी सांगतो, ते गणिताचं काम आहे. नवा डेक क्रमाने येतो: आधी मेजर, म्हणजे डेथ, टॉवर अशी २२ मुख्य कार्डं, ० ते २१, मग मायनरचा एकेक सूट (गट). हातावर हात सरकवून आपण पत्ते पिसतो, त्या पद्धतीत गठ्ठेच्या गठ्ठे एकत्र राहतात. ५२ पत्त्यांच्या कॅटला दोन भाग करून एकमेकांत फडफडवत मिसळलं तर सातेक वेळा पुरे, असं १९९२ च्या बायर आणि डायकोनिस यांच्या निबंधापासून मानलं जातं. ७८ कार्डांना थोडं जास्त लागतं. हात सरकवून पिसण्याला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. टॅरोची मोठी कार्डं फडफडवली की कोपरे वाकतात, म्हणून सगळ्यात सोपा उपाय: सगळी कार्डं टेबलावर पालथी पसरायची, दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल गोल फिरवायची, गोळा करायची, मग हातावर थोडी पिसायची. नव्या डेकला हे तीन-चार वेळा करा.

हे का सांगतोय? नीट न पिसलेल्या डेकमधून लागोपाठ चार कप्स आले की वाचणारा "भावनांचा महापूर" वाचतो. तो गठ्ठा कालच्या रीडिंगनंतर गोळा केलेला असतो.

आणि थोडे आकडे वहीत लिहून ठेवा. ७८ पैकी २२ मेजर, म्हणजे दहा कार्डांत सरासरी तीनच्या आसपास मेजर येणारच. तीन कार्डांत एखादं तरी मेजर येण्याची शक्यता ६४ टक्के, तिन्ही मेजर येण्याची फक्त २ टक्के. तेव्हा तीनात एक मेजर आलं तर "नियतीचा संकेत" म्हणायचं कारण नाही. तिन्ही आली तर मात्र थांबून बघण्यासारखं आहे. कोर्ट कार्डं (पेज, नाइट, क्वीन, किंग) १६, दहात सरासरी दोन.


मुठाकाठ :

गणिती, हे फार नेमकं झालं.

सायली, कोणी पिसायचं ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवलं की रोज तेच. माझी शिफारस: पिसायचं आपण, काटायचं समोरच्याने. इथे एक बारीक गोष्ट आहे. उलटी कार्डं वाचत असाल तर समोर बसलेली व्यक्ती गठ्ठा उचलून, स्वतःकडे वळवून, परत तुमच्या हातात देते तेव्हा अख्खा डेक १८० अंशांत फिरलेला असू शकतो. सगळी सुलटी उलटी होतात. म्हणून गठ्ठा टेबलावर आडवा ठेवा. "डाव्या हाताने कुठूनही काटा आणि बाजूला ठेवा" म्हणा, हातात घेऊ देऊ नका. उचलताना तुम्हीच उचला, ज्या बाजूने ठेवला त्याच बाजूने.

उलगडतानाही तसंच. कार्ड पुस्तकाचं पान उलटतो तसं, कडेने, डावीकडून उजवीकडे उलटायचं. वरून खाली उलटलं तर सुलटं कार्ड उलटं पडतं. ही हाताची सवय आहे. तिचा शंभर वेळा सराव करा, कारण बोलण्याच्या नादात हात चुकतो.

पिसताना एखादं कार्ड बाहेर उडालं तर? काही जण ते घेतात, काही परत टाकतात. दोन्ही चालतं. पण नियम आधी ठरलेला हवा. उडालेलं कार्ड चांगलं असलं की घ्यायचं आणि टॉवरसारखं भीतीदायक असलं की परत टाकायचं, हे चालणार नाही.


रेणुका_के :

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवाल का? कार्ड आल्यावर तोंड कसं उघडायचं, तिथेच सगळे अडतात.


मुठाकाठ :

दाखवते. काल्पनिक प्रसंग, पण पुण्यात असा प्रश्न नेहमी येतो. सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करणारा मुलगा. दोन प्रयत्न झालेत, घरून विचारणा होते आहे, एका खासगी नोकरीची ऑफर हातात आहे. त्याचा मूळ प्रश्न "मी पास होईन का?" तो बदलून घेतला: "पुढच्या तीन महिन्यांत अभ्यास आणि नोकरी यांचा निर्णय मी कसा करू?" जागा: सध्या काय चाललंय, कुठे अडलंय, पुढचं पाऊल. आलेली कार्डं: एट ऑफ पेंटॅकल्स, टू ऑफ स्वोर्ड्स, टेंपरन्स.

पुस्तकी रीडिंग असं होतं: "मेहनत आहे. द्विधा मनःस्थिती आहे. संयम ठेवा." तिन्ही वाक्यं बरोबर, आणि तिन्हींचा उपयोग शून्य. एमपीएससी करणाऱ्या कोणालाही ती लागू पडतात.

आता चित्रं बघा. आधी दहा-पंधरा सेकंद गप्प बसा, तिन्हींवरून नजर फिरवा. पहिल्यात कारागीर बाकावर बसून एकेक नाणं कोरतोय. मान खाली, लक्ष पूर्ण कामावर, गाव मात्र लांब मागे. म्हणजे कामात कमतरता दिसत नाही, पण तो माणसांपासून दूर गेलाय. दुसऱ्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीशी दोन तलवारी फुली करून धरलेल्या. मागे समुद्र आहे आणि तिची त्याकडे पाठ आहे. तिला कोणी बांधलेलं नाही, दोन्ही तलवारी तिनेच पेलल्या आहेत. तिसऱ्यात देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, आणि एका कपातून दुसऱ्यात पाणी ओतणं चालू आहे. दोन्हींपैकी एकही कप खाली ठेवलेला नाही.

आता बोलायचं, पण चित्र त्यालाही दाखवत: "पहिल्या कार्डात मला मेहनत दिसते, ती कमी पडतेय असं या चित्रावरून म्हणता येत नाही. पण हा माणूस एकटा बसलाय. अभ्यासाबद्दल शेवटचं कोणाशी मोकळेपणाने बोललास?" उत्तर येऊ द्या. मग दुसरं: "इथे निर्णय बाहेरून कोणी अडवलेला दिसत नाही, तो हातात धरून ठेवलाय. ऑफरला उत्तर द्यायची तारीख कोणती?" बहुतेक वेळा तारीख असते आणि ती सांगितलेली नसते. तिसरं: "हे कार्ड 'हे किंवा ते' असं दाखवत नाही. दोन्ही ठरावीक मापात धरणं दाखवतं. नोकरी घेऊन रोज किती तास अभ्यास खरंच शक्य आहे, हे कागदावर मांडलंयस का?"

पास होशील की नाही, हे कुठेच बोललेलो नाही. तो विषय कार्डांचा नाहीच. समोरचा मुलगा उठताना त्याच्याकडे एक तारीख आणि एक हिशेब असतो.

इथे क्रम महत्त्वाचा: दिसतं ते आधी, मग जागेशी जोडणं, मग प्रश्न. अर्थाचा शब्द सगळ्यात शेवटी, किंवा लागलाच नाही तरी चालेल.


तर्कशुद्ध :

टॅरोवर माझा विश्वास नाही, पण वरचं वाचून लिहावंसं वाटलं. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना "तुमचं व्यक्तिमत्त्व" म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. विद्यार्थ्यांनी त्याला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणजे समोरचा मान डोलावतो यावरून तुम्ही बरोबर वाचलंत असं ठरत नाही. शिकणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, कारण मान डोलावणं फार लवकर अंगवळणी पडतं आणि वाचणाऱ्याला आपल्याकडे काही शक्ती आहे असं वाटू लागतं. तिथून पुढे अपाय सुरू होतो.


मुठाकाठ :

पूर्ण सहमत, आणि याचा सरावात थेट उपयोग करता येतो. रीडिंग परवानगीने रेकॉर्ड करा किंवा नंतर आठवून लिहा. मग प्रत्येक वाक्यापुढे विचारा: हे लक्ष्मी रोडवर शेजारून जाणाऱ्या कोणत्याही माणसाला लागू पडेल का? "तुम्ही वरून कणखर पण आतून हळवे आहात" पडेल. खोडा. "तुम्हाला तुमच्या कष्टांचं चीज झालेलं दिसत नाही" हेही पडेल. खोडा. पहिल्या काही रीडिंगमध्ये निम्म्याहून जास्त वाक्यं खोडली जातात. उरलेली वाक्यं चित्रातून आणि त्याच माणसाच्या प्रश्नातून आलेली असतात, ती वाढवायची.

दुसरं, सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: "मला भविष्य दिसत नाही. आपण ही चित्रं समोर ठेवून तुमच्या प्रश्नाकडे बघणार आहोत." हे ऐकून उठून जाणारा माणूस तसाही निराशच झाला असता.


चौथामजला :

कोर्ट कार्डांवर कोणीतरी लिहा. दहा कार्डांत दोन किंग, एक पेज आले की "उंच, सावळा पुरुष" यापलीकडे जाता येत नाही.


रेणुका_के :

मी लिहिते. आधी ठरवा की कार्ड माणूस दाखवतंय की वागण्याची पद्धत. प्रश्नात दुसरी व्यक्ती ठळक असेल, बॉस, सासू, भागीदार, तर आधी विचारा: "असं वागणारं कोणी आहे का?" नसेल तर ती विचारणाऱ्याची स्वतःची पद्धत समजा. पेज शिकतोय, नाइट धावतोय, क्वीनने ती गोष्ट आत मुरवलीय, किंग ती बाहेर चालवतोय. याला सूट जोडा. किंग ऑफ पेंटॅकल्स म्हणजे पैसा आणि व्यवस्था सांभाळणारा, पेज ऑफ कप्स म्हणजे भावना नुकत्या ओळखायला लागलेला.

नाइटमध्ये घोडे बघा, हे कुठल्याही अर्थाच्या यादीपेक्षा कामाचं आहे. स्वोर्ड्सचा घोडा चौखूर उधळलाय. वाँड्सचा पुढचे पाय उचलून उभा आहे, उत्साह खूप, पण अजून निघालेला नाही. कप्सचा संथ चालतोय. पेंटॅकल्सचा चक्क थांबलाय. "घाई किती करू?" असा प्रश्न असेल तर नुसत्या घोड्यावर पाच मिनिटं बोलता येतं.

रूपवर्णन, वय, वर्ण यांच्या वाटेला जाऊच नका. स्थळाच्या प्रश्नात तर अजिबात नको. "सावळा मुलगा" म्हटलंत की घरात पुढचे सहा महिने प्रत्येक फोटो त्या वाक्याशी ताडून पाहिला जातो.


सायली_डी :

आणि भीतीदायक कार्डं? डेथ आलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि मग मी पटकन "अहो, हे चांगलं कार्ड आहे" म्हणून मोकळी होते.


गणिती :

आधी आकडा. डेथ, डेव्हिल, टॉवर, थ्री ऑफ स्वोर्ड्स आणि टेन ऑफ स्वोर्ड्स ही पाच घ्या. सेल्टिक क्रॉस नावाच्या दहा कार्डांच्या मांडणीत यांपैकी निदान एक येण्याची शक्यता ५० टक्क्यांहून किंचित जास्त आहे. म्हणजे दर दोन रीडिंगमध्ये एकदा हा प्रसंग येणार. तेव्हा तयारी हवीच.


मुठाकाठ :

"चांगलं कार्ड आहे" म्हणू नका. समोरच्याला घोड्यावरचा सांगाडा स्पष्ट दिसतोय. तुम्ही सारवासारव करताय हे त्याला कळतं आणि पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास जातो.

त्याऐवजी मांडायच्या आधीच एक वाक्य: "काही चित्रं दचकवणारी आहेत. ती शरीराच्या मरणाबद्दल किंवा अपघाताबद्दल मी वाचत नाही." मग कार्ड आलंच तर सावकाश वर्णन करा. काळं चिलखत, पांढरा घोडा, राजा आडवा पडलाय, धर्मगुरू समोर उभा आहे, मूल मात्र सरळ वर बघतंय. मागे दोन बुरुजांमधून सूर्य. विचारा: "या चित्रात तुम्ही कुठे आहात?" काय संपलंय हे बहुतेकांना माहीत असतं, ते मोठ्याने म्हणायला जागा हवी असते.

याउलट, दुःखाच्या कार्डांना गोड करू नका. फाइव्ह ऑफ कप्समध्ये तीन कप सांडलेत, दोन मागे उभे आहेत. नवशिका धावत त्या दोन कपांकडे जातो: "बघा, अजून दोन आहेत!" काळा झगा घातलेला माणूस सांडलेल्या कपांकडे बघतोय, तर आधी तिथे थांबा. काय सांडलं ते विचारा. उरलेले दोन आणि मागचा पूल शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा.


रेणुका_के :

उलट्या कार्डांबद्दल थोडं: शिकताना पहिले काही महिने सगळी सुलटीच वाचा. ७८ चित्रं पुरेशी आहेत, प्रत्येक चित्राला उजेड आणि सावली दोन्ही आहेत. नंतर घ्यायची झाली तर एकच नियम धरा. मला सगळ्यात टिकाऊ वाटतो तो "तेच, पण अडलेलं किंवा आत वळलेलं". उलट अर्थाचा नियम फसतो. एट ऑफ स्वोर्ड्स उलटं आलं की "सुटका झाली" असं सरसकट सांगितलं जातं. पण पट्टी अजून डोळ्यांवरच आहे. फार तर दोर सैल झालाय, आणि तो मुळातही घट्ट नव्हता.


चौथामजला :

वेळ कशी सांगायची? आपल्याकडे पत्रिकेची सवय असल्यामुळे लोकांना "गुरुबदलानंतर" यासारखं उत्तर हवं असतं. वाँड्स म्हणजे दिवस, कप्स म्हणजे आठवडे अशी कोष्टकं असतात, पण दोन पुस्तकांत दोन कोष्टकं.


मुठाकाठ :

ती कोष्टकं एकमेकांशी जुळत नाहीत हेच पुरेसं उत्तर आहे. तारीख देऊ नका. मुदत प्रश्नातच घाला: "डिसेंबरपर्यंत". मग कार्ड त्या मुदतीच्या आत काय करता येईल यावर वाचा. आग्रह झालाच तर सरळ सांगा की टॅरोतून तारीख सांगणं मी करत नाही. पत्रिका आणि टॅरो एकाच बैठकीत मिसळू नका. दोन्हींची चौकट वेगळी आहे आणि समोरच्याला कुठलं वाक्य कुठून आलं हे कळत नाही.


तर्कशुद्ध :

कायद्याची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. अमुक माणसाने करणी केली आहे असं जाहीर करणं या कायद्याखाली येतं. "आमच्यावर कोणी काही केलंय का?" हा प्रश्न टॅरोवाल्यांना हमखास विचारला जातो. त्यावर कार्ड काढायचंच नाही. "जवळची एक बाई दिसतेय" एवढं अर्धवट वाक्यसुद्धा एखाद्या जावेचं किंवा शेजारणीचं आयुष्य नासवू शकतं.


मुठाकाठ :

हे प्रत्येकाने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. याच पानावर आणखी काही नकार: आजाराचं निदान, औषध चालू ठेवावं की बंद करावं, गर्भ राहिला का, मुलगा की मुलगी (गर्भलिंगाबाबतचा १९९४ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नाहीच), कोणाचं मरण, चोरी कोणी केली, कोर्टाचा निकाल, कुठला शेअर घ्यावा. नकार देताना वाट दाखवा: डॉक्टर, वकील, पोलीस, सल्लागार. आणि उपाय विकू नका. खडा, मेणबत्ती, "ऊर्जा शुद्धी" हे रीडिंगच्या शेवटी आलं की आधीचं सगळं रीडिंग त्यासाठीच होतं असं ठरतं.

समोरची व्यक्ती जगणं नकोसं झालंय असं म्हणाली, थेट किंवा आडून, तर कार्डं गोळा करा. चित्रांवर बोलणं बंद. सरळ विचारा, ऐका, एकटं सोडू नका, घरच्या कोणाला तरी फोन लावा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, तिथे मराठीतही बोलता येतं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलली तर १८१ ही महिला हेल्पलाइन. हे दोन क्रमांक डेकच्या डबीत चिठ्ठीवर लिहून ठेवा, ऐन वेळी आठवत नाहीत.


सायली_डी :

जागेबद्दल? घरी हॉलमध्ये सगळे असतात, त्यामुळे एफसी रोडवरच्या कॅफेत बसावं असा विचार आहे. आणि आई मुलीला घेऊन येते तेव्हा काय करायचं?


रेणुका_के :

कॅफेची गोल टेबलं साधारण ६० सेंटिमीटरची असतात. सेल्टिक क्रॉसला ४० बाय ५५ तरी जागा लागते, म्हणजे कॉफीचे कप ठेवायला जागा उरत नाही. तिथे तीन किंवा पाच कार्डंच मांडा. खाली जाड कापड हवं, गुळगुळीत टेबलावरून कार्ड नखाने उचलावं लागतं आणि कडा जातात. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडवर अर्धा मीटर गडद सुती कापड सहज मिळतं. मखमलीवर कार्डं सरकत नाहीत आणि धूळ बसते. शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल अशा जागी घटस्फोट किंवा कर्ज असले प्रश्न घेऊ नका. आणि पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कार्डं दमट होऊन चिकटतात, दोन कार्डं एकदम उलगडली जातात. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, पावडर लावू नका, पांढरे डाग राहतात.

आई-मुलीचं अवघड असतं, कारण वयाचा मान ठेवायचाच असतो. पण प्रश्न कोणाचा हे पहिल्या मिनिटाला ठरवा. "काकू, प्रश्न तुमचा आहे की हिचा? हिचा असेल तर मी वीस मिनिटं हिच्याशी एकटीशी बोलते, मग आपण तिघी बसू." काकूंचाच असेल, "हिचं लग्न कधी जमणार?", तर तो काकूंच्या बाजूने वळवा: "मुलीच्या लग्नाच्या बाबतीत मी आई म्हणून काय करू शकते?" मुलगी समोर बसलेली असताना तिच्याबद्दल आईला उत्तरं देत बसायचं नाही. समोर नसलेल्या माणसाच्या मनातलं वाचणंही तसंच. "तो माझ्याबद्दल काय विचार करतो?" याचं उत्तर कार्डातून देणं म्हणजे त्या मुलाच्या तोंडी आपले शब्द घालणं.


चौथामजला :

मानधन?


मुठाकाठ :

वेळेवर घ्या, प्रश्नावर नाही. प्रश्नामागे पैसे घेतले की आपणही नकळत प्रश्न वाढवतो. रक्कम बसण्याआधी सांगायची, मध्येच "आणखी एक कार्ड काढू का, त्याचे वेगळे" नाही. शिकत असाल तर तसं स्पष्ट सांगून मोफत किंवा नाममात्र घ्या.


सायली_डी :

शेवटचं विचारते. एकच व्यक्ती तोच प्रश्न घेऊन दर आठवड्याला आली तर? आणि कार्डं समोर आहेत पण काहीच सुचत नाही, असं झालं तर?


मुठाकाठ :

पहिल्यासाठी नियम: परिस्थितीत काहीतरी बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा नाही. मागच्या वेळचा कागद काढून त्यातलं काय केलं ते विचारा. काहीच केलं नसेल तर त्यावरच बोला, नवी कार्डं काढू नका आणि त्या दिवसाचे पैसेही घेऊ नका.

दुसऱ्यासाठी: गप्प बसलात तरी चालतं, पण भरीला शब्द टाकू नका. तिन्ही चित्रांत कोण कुठे बघतंय ते पाहा. कोणी पाठमोरं आहे का, पाणी कुठे आहे, हातात काय आहे. तेही नाही सुचलं तर कार्ड समोरच्याकडे सरकवा आणि विचारा, "तुमची नजर आधी कुठे गेली?" तो जिथे बोट ठेवेल तिथून सुरू करा. घरी सरावासाठी रोज एक कार्ड घ्या आणि दोन मिनिटं फक्त वर्णन करा, एकही अर्थ न सांगता. नंतर तीन कार्डं घ्या आणि तीच तीन वेगळ्या प्रश्नांवर वाचा: नोकरी, सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवरून भावाशी झालेला वाद, तब्येतीमुळे बंद पडलेला नाच. तिन्ही वेळा तेच वाक्य आलं तर तुम्ही पुस्तक वाचताय. वेगळी आली तर ती लिहून इथे टाका, आपण एकेक तपासू.


सायली_डी :

टू ऑफ पेंटॅकल्स, सिक्स ऑफ स्वोर्ड्स, क्वीन ऑफ वाँड्स घेते. रविवारपर्यंत तिन्ही प्रश्नांवर लिहून टाकते.


गणिती :

टाका. आणि प्रत्येक बैठकीनंतर कार्डं मोजायला विसरू नका. ७७ कार्डांवर आठवडाभर रीडिंग चालू राहतं आणि हरवलेलं कार्ड कधीच का येत नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.